घरातला बिनखात्याचा मंत्री

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी बरंच सविस्तर लिहिलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. दोघंही नोकरी करणारे, मुलगा दुसरीत, घरात सासरे आहेत, त्यांना बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या. नवरा आळशी अजिबात नाही. कपडे वाळत घालतो, भांडी घासतो, मुलाला झोपवतो, फक्त सांगावं लागतं. मागच्या महिन्यात एकदा रात्री अकरा वाजता ताईंना आठवलं की उद्या शाळेत चार्ट पेपर न्यायचाय, आणि तिथे त्यांचा बांध फुटला. तेव्हा नवरा म्हणाला, "अगं मग सांगायचं ना मला, मी कधी नाही म्हणालोय का?" ताई विचारतायत की हा माणूस खरंच कधी नाही म्हणत नाही, मग मी एवढी का दमते, माझंच काही चुकतंय का. आणि कामांसाठी एखादं ॲप वापरून फरक पडेल का, असंही विचारलंय.

ताई, तुम्ही दमता कारण सांगणं हेच एक काम आहे आणि ते चोवीस तास तुमच्याकडे आहे. सांगायला आधी आठवावं लागतं, आठवायला लक्ष ठेवावं लागतं, आणि सांगून झाल्यावर ते झालं का हेही बघावं लागतं. मी एकोणीस वर्षं कौटुंबिक समुपदेशन करतोय. "सांग ना काय करू" हे वाक्य माझ्या खोलीत जितक्या वेळा ऐकलंय तितकं "मला घटस्फोट हवाय" पण नसेल ऐकलं. म्हणणारा माणूस बहुतेक वेळा मनापासून म्हणत असतो हो, म्हणून तर समोरच्या बाईला रागही धड येत नाही, स्वतःचीच शंका यायला लागते. मी अशा नवऱ्याला बिनखात्याचा मंत्री म्हणतो. मंत्रिमंडळात आहे, बैठकीला येतो, फोटोत पण असतो, पण विधानसभेत उठून उत्तर द्यावं लागेल असं एकही खातं त्याच्या नावावर नाही. सगळी खाती मुख्यमंत्र्यांकडे, आणि मुख्यमंत्री रात्री अकराला चार्ट पेपर शोधतायत.

हे नेमकं काय काम असतं ते एका साध्या उदाहरणावरून बघू, मुलाचे बूट. रविवारी बाबा मुलाला घेऊन गेला, तासाभरात नवीन बूट घेऊन आला. बूट कोणी आणले? बाबाने, यात खोटं काहीच नाही. पण त्याच्या तीन आठवडे आधी आईच्या लक्षात आलं होतं की हा हल्ली टाच दाबून चपलेसारखे बूट घालतोय. मग तिने एकदा बोटाने पुढून दाबून बघितलं, अंगठा टेकतोय. मग शाळेत काळेच चालतात का पांढरेही, खेळाचा दिवस कधी आहे, याला लेस बांधता येत नाही म्हणजे वेलक्रो बघावा लागेल, मागच्या वेळी कुठला नंबर होता, एक नंबर मोठा घ्यावा का, हे सगळं भाजी निवडताना, ऑफिसच्या कॉलवर म्यूट असताना, आंघोळ करताना. मग रविवारी सकाळी "अरे आज जाऊन याचे बूट आणशील का, वेलक्रोवाले, काळे, अमुक नंबर". आणि सोमवारी संध्याकाळी मोजा काढून बघितलं की कुठे घासलंय का. बाबाच्या वाट्याला आला तो तासभर, आणि तोही दिसणारा, मुलाबरोबर मजेत गेलेला. बाकी जे झालं त्याचा कुठे पुरावाच नाही.

हेच २०१९ मध्ये ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नीट मांडलं. ३५ जोडपी घेतली, सत्तरही जणांशी बोलल्या, आणि घरातल्या या डोक्याच्या कामाचे चार तुकडे केले: पुढे काय लागणार आहे ते आधी ओळखणं, मग पर्याय शोधणं, मग ठरवणं, आणि नंतर ते नीट झालं का यावर नजर ठेवणं. यातली गंमत अशी की "ठरवणं" हे बऱ्यापैकी दोघं मिळून करत होते, पण पहिला आणि शेवटचा तुकडा, म्हणजे आधी ओळखणं आणि नंतर नजर ठेवणं, हे जास्त करून बायकांकडेच होते. माझ्याकडे येणाऱ्या घरांतही अगदी हेच दिसतं. नवरा सांगतो "आम्ही सगळे निर्णय मिळून घेतो", आणि ते खरंच असतं, शाळा कुठली, डॉक्टर कुठला, सगळं मिळून. पण निर्णय घ्यायची वेळ आलीये हे टेबलावर आणून कोण ठेवतं, ते विचारलं की खोलीत शांतता.

आता हे दिसत का नाही. आपल्याकडे म्हण आहेच, घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी. फ्रान्समधल्या समाजशास्त्रज्ञ मोनिक ऐको यांनी १९८४ मध्ये "मानसिक भार" म्हणून जी कल्पना मांडली ती साधारण हीच, की नोकरी आणि घर ही एकामागून एक करायची दोन कामं नसतात, ऑफिसात बसल्या बसल्या घर चालू असतं आणि घरी ऑफिस, दोन्ही एकाच डोक्यात एकाच वेळी. आणि जे एकाच वेळी चालतं ते मोजणार कसं? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरच्या बिनपगारी घरकाम-संगोपनाच्या तासांपैकी ७६.२ टक्के तास बायकांचे धरलेत. पण हे सुद्धा मुख्यतः हाताने केलेल्या कामाचे तास. वेळेच्या पाहण्यांमध्ये तुम्ही दहा ते अकरा काय करत होतात असं विचारतात, तुम्ही "बसने प्रवास" लिहिता, त्या बसमध्ये तुम्ही सासऱ्यांच्या स्ट्रिपमध्ये किती गोळ्या उरल्यात ते मनात मोजत होतात हे कुठल्या रकान्यात लिहिणार.

एक गोष्ट मात्र तुमच्या नवऱ्याच्या बाजूने सांगतो, ती ऐकून घ्या, कारण ही न सांगता जोडप्याला बोलायला बसवलं की हमखास भांडण होतं. स्वतः केलेलं काम स्वतःला जास्त आठवतं. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं होतं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती, आणि दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर ती बहुतेक कामांत शंभराच्या वर गेली. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्यासमोर घडलेलं असतं, दुसऱ्याचं नसतं, एवढंच. त्यामुळे तुमच्या नवऱ्याच्या डोक्यातही काही असणार. गाडीचा इन्शुरन्स, टॅक्स, घराच्या कर्जाचा हप्ता, वायफाय बंद पडलं की कोणाला फोन करायचा, पासवर्ड कुठे आहेत. ते मोजायचं नाही असं नाही. फरक कुठे पडतो तर त्यातलं बरंचसं वर्षातून एकदा-दोनदा येतं आणि तारीख लिहून येतं, कंपनी स्वतःहून मेसेज पाठवते. तुमचं रोज येतं आणि कुणी मेसेज पाठवत नाही. दूध संपलंय हे दूध कळवत नाही.

म्हणून मी पहिल्या भेटीत वाद घालू देत नाही, चिठ्ठ्या लिहायला लावतो. दोघांना वेगवेगळ्या खोलीत, "मागच्या तीन दिवसांत घराबद्दल डोक्यात काय काय येऊन गेलं, हाताने केलं असो वा नसो, एका चिठ्ठीवर एक गोष्ट". मग दोघांच्या चिठ्ठ्या एकाच टेबलावर मांडायच्या. एका जोडप्याचं मला अजून आठवतं, नवऱ्याने दहा मिनिटांत लिहून झालं म्हणून पेन खाली ठेवलं आणि फोन बघत बसला, आणि पलीकडून बायको आणखी कागद मागायला दोनदा येऊन गेली. मांडायला लागलो तर टेबल पुरेना, शेवटी खाली सतरंजीवर मांडल्या. तो माणूस उकिडवा बसून एकेक वाचत होता. "सरांच्या मुलीचं लग्न, पाकीट" अशी एक चिठ्ठी होती. म्हणाला, "माझ्या सरांच्या?" ती म्हणाली, "हो, तुझ्याच." बास, त्यानंतर मला फारसं समजवायला लागलं नाही. तुम्ही घरीच करा हे, पण भांडणाच्या दिवशी नाही, आणि मुलगा झोपल्यावर दमलेलं असताना तर नाहीच, सुट्टीच्या सकाळी करा.

आता मुद्द्याचं. बहुतेक जोडपी इथून पुढे कामं वाटून घेतात, तू भांडी मी कपडे, आणि तिथेच चुकतं, कारण हात वाटले जातात, डोकं तसंच राहतं. कामं वाटू नका, खाती वाटा. खातं म्हणजे त्या विषयाचं ओळखण्यापासून नजर ठेवण्यापर्यंत सगळं एका माणसाकडे. "मुलाचे कपडे-बूट" हे खातं ज्याच्याकडे, त्याने अंगठा टेकतोय हे बघायचं, नंबर लक्षात ठेवायचा, आणायचे, आणि जुन्यांचं काय करायचं तेही त्यानेच ठरवायचं. दुसऱ्याने त्यात हात लावायचा तर त्याने मागितलं म्हणून लावायचा, तेव्हा दुसरा मदतनीस, आणि हो, त्या खात्यापुरते तुम्ही बिनखात्याच्या. ही जागा तुम्हाला सुरुवातीला फार विचित्र वाटेल, सांगून ठेवतो.

खातं आखताना ते फार बारीक पण नको आणि फार मोठं पण नको. "कचरा बाहेर ठेवणं" हे खातं नाही, ते नुसतं काम आहे, त्यात डोकं लागतच नाही फारसं. "घर" हे खातं नाही, ते अख्खं राज्य आहे. "शाळा" हे खातं आहे. "बाबांची औषधं आणि डॉक्टर" हे खातं आहे. "जेवणाचं ठरवणं आणि किराणा" हे एक खातं आहे, आणि इथे एक लक्षात घ्या, स्वयंपाक कोण करतो हा वेगळा प्रश्न आहे, उद्या काय करायचं हे ठरवणं आणि त्यासाठी घरात काय आहे ते माहीत असणं हे जास्त थकवतं असं मला जवळपास प्रत्येक बाई सांगते. पाहुणे, लग्नकार्यं, कोणाला काय द्यायचं, कोणाला फोन करायचा राहिलाय, हेही खातं आहे आणि ते तर कोणी मोजतच नाही. इथे माझा एक साधा नियम आहे, आपापल्या माहेरच्या-सासरच्या नात्यांचं खातं ज्याचं त्याने सांभाळावं. म्हणजे त्याच्या आत्याला फोन त्यानेच करायचा. आत्या चार दिवस रुसेल, रुसू दे.

खातं देताना हँडओव्हर लागतो. ऑफिसमध्ये कोणी टीम सोडताना केटी देतात ना, म्हणजे आपल्या कामाची सगळी माहिती पुढच्याला सोपवतात, तसाच. एकदाच, बसून, अर्धा-पाऊण तास. शाळेचं उदाहरण घेतलं तर वर्गशिक्षिकेचं नाव, लॉगिन, फी कधी भरायची, व्हॅनवाल्याचा नंबर, वह्यांना कव्हर कुठलं लागतं, मुलाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि कुठेही लिहिलेलं नाही, आणि ते न देता "घे आता शाळा तू सांभाळ" म्हणणं म्हणजे त्याला तोंडघशी पाडणं आहे. त्याच बैठकीत कमीत कमी काय झालंच पाहिजे तेही ठरवा. तुमच्या मनातलं उत्तम ठरवू नका, दोघांना पटेल असं किमान ठरवा. डबा रोज गेला पाहिजे, हे किमान. डब्यात रोज वेगळं असलं पाहिजे, हे तुमचं उत्तम, ते हवं असेल तर खातं तुमच्याकडे ठेवा.

आणि एक बारीक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, नंबर बदला. शाळेत पहिला संपर्क म्हणून कोणाचा मोबाईल दिलाय? दवाखान्याचा रिमाइंडर कोणाच्या फोनवर येतो? क्लासचे सर कोणाला मेसेज करतात? सगळीकडे तुमचा नंबर असेल तर खातं कागदावर त्याच्याकडे आणि टपाल तुमच्याकडे, असं होतं. मेसेज आला की तुम्हाला कळणार, कळलं की तुम्ही फॉरवर्ड करणार, फॉरवर्ड केलं की त्याने बघितलं का ते बघणार, झालं, परत तिथेच. शाळेच्या ऑफिसात जाऊन, फॉर्म भरून, त्याचा नंबर पहिला टाकायचा. आणि तरीही पहिले काही महिने लोक तुम्हालाच फोन करतील, शिक्षिका सुद्धा, सवय असते. "हे याचे बाबा बघतात, त्यांना करा ना" एवढंच म्हणायचं, आणि ते म्हणताना ओशाळायचं नाही.

ॲपबद्दल विचारलंय तुम्ही. मी स्वतः यात तोंडावर आपटलोय म्हणून सांगतो. लग्नानंतर आठ-नऊ वर्षं मी स्वतः पक्का सांगकाम्या होतो, दिवसभर लोकांना सल्ले देऊन घरी येऊन "काय आणायचंय का" विचारणारा. एकदा बायको तापाने आडवी झाली आणि तिने पडल्या पडल्या जे काही सांगायला सुरुवात केली ते ऐकून मला घाम फुटला. मग मी काय केलं, तर एक एक्सेल शीट बनवली. झकास, रंगीत, प्रत्येक कामाला रकाना, कोणी करायचं, कधी, झालं का. दोन संध्याकाळी घालवल्या त्यात. ती बरी झाल्यावर मोठ्या अभिमानाने दाखवली. तिने दोन मिनिटं बघितली आणि म्हणाली, "छान आहे. आता ही भरायची कोणी?" मी गप्प. कारण माझ्या मनात उत्तर "तूच, तुलाच तर माहितीये ना सगळं" असंच होतं. शीट असो, ॲप असो, फ्रिजवरचा पांढरा बोर्ड असो, यादीत टाकणारा माणूस एकच असेल तर ती यादी म्हणजे तुमच्याच डोक्याची झेरॉक्स. ज्याचं खातं त्याची यादी, त्याला हव्या त्या पद्धतीने. त्याला डायरीत लिहायचं तर डायरीत, हातावर पेनाने लिहायचं तर हातावर.

यानंतर येतो तो अवघड भाग, आणि तो तुमच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. आठवण करायची नाही. एकदाही नाही. "अरे उद्या फीची शेवटची तारीख आहे ना" हे तुमच्या जिभेच्या टोकाशी येईल आणि तुम्हाला वाटेल एवढं म्हटलं तर काय बिघडलं, पण ते म्हटलं की त्या क्षणी खातं परत तुमच्याकडे आलं, कारण त्याच्या डोक्याला कळतं की माझ्या मागे जाळी आहे, पडलो तरी लागणार नाही. जाळी असेपर्यंत कोणी तोल सांभाळायला शिकत नाही. पहिल्या महिना-दोन महिन्यांत काहीतरी राहणार, नक्की राहणार. फीला दंड बसेल, ड्रेस-डेला मुलगा युनिफॉर्ममध्ये जाईल आणि घरी येऊन रडेल. त्या संध्याकाळी तुम्ही "मी सांगितलं होतं" म्हणायचं नाही (सांगितलं नव्हतंच मुळी) आणि खातं काढूनही घ्यायचं नाही. मुलाला बाबानेच समजवायचं. माझा अनुभव असा आहे की असा एखादा फटका बसल्यावरच खातं खऱ्या अर्थाने बदलतं, त्याआधी ते नुसतं नावावर असतं. अपवाद एकच, जिथे झालेलं नुकसान भरून निघणार नाही, तब्येत, सुरक्षितता, हातची जाणारी मोठी रक्कम, तिथे बोला, लगेच बोला.

यातच दुसरी बाजू, जी बोलायला मला नेहमी जड जाते कारण दमलेल्या बाईलाच परत दोष दिल्यासारखं होतं. सारा ॲलन आणि ॲलन हॉकिन्स या संशोधकांनी १९९९ मध्ये आईच्या "राखणदारी"वर लिहिलं होतं, म्हणजे घरातल्या कामाचा ताबा सोडायला मनातून तयार नसणं, आपल्याच पद्धतीने व्हावं म्हणून मागून दुरुस्त करत राहणं. हे होतं. त्याने घड्या घातलेले टॉवेल परत उलगडून घातले की तो माणूस पुढच्या वेळी घालत नाही, साधं आहे. पण मी याला स्वभावदोष नाही म्हणत, कारण टॉवेल कसेही असले तरी घरात कोणी आलं तर बोल कोणाला लागतात? बाईलाच. मुलगा मळक्या कॉलरचा शर्ट घालून गेला तर "याची आई लक्ष देत नाही वाटतं" असंच म्हणतात, बाबाचं नाव कोणी घेत नाही. म्हणजे खातं त्याचं आणि जाब तुम्हाला, अशी परिस्थिती असताना ताबा सोडणं सोपं नाहीये. तरी सोडावं लागतं. निदान घरातल्या घरात तरी एवढं स्पष्ट हवं की ज्याचं खातं त्याने जाब द्यायचा, आईने किंवा सासऱ्यांनी तुम्हाला विचारलं तर नवऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, "ते माझ्याकडे आहे, मला विचारा." हे वाक्य त्याने तुमच्यासमोर एकदा जरी म्हटलं ना, दहा वेळा भांडी घासण्यापेक्षा जास्त हलकं वाटतं, बघा.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बसायचं, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. दोघांनी आपापल्या खात्यांचं पुढच्या दोन आठवड्यांत काय आहे ते सांगायचं, कुठे अडलंय ते सांगायचं, संपलं. एकमेकांची परीक्षा घ्यायची जागा नाही ती. याचा एक फायदा थेट तुमच्या झोपेशी आहे. मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांचा २०११ चा अभ्यास आहे, अर्धवट राहिलेली गोष्ट मनात टोचत राहते हे सगळ्यांना माहितीये, पण त्यांना असं दिसलं की ती पूर्ण करायला लागतेच असं नाही, कधी आणि कशी करायची याचा नेमका बेत ठरला तरी टोचणं बरंचसं थांबतं. मी याला माझ्या अनुभवातून एवढंच जोडेन, की घरात बेत दुसऱ्याच्या हाती असेल तर त्या माणसावर भरवसाही लागतो, आणि भरवसा आठ-दहा वेळा वेळेवर झाल्यावरच येतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात हलकं वाटलं नाही तर पद्धत फसली असं समजू नका. आठवड्याच्या मध्ये काही सुचलं, तर कागदावर लिहून ठेवा आणि बैठकीत काढा. रात्री दिवा मालवल्यावर "ऐक ना, ते..." करून सुरुवात करू नका, ती वाईट सवय आहे, आमच्या घरात अजून आहे.

तुम्ही हे नवऱ्याला वाचायला देणार असाल तर त्यांच्यासाठी चार ओळी. दादा, "माझ्या लक्षात राहत नाही" हे मला पटत नाही, तुमच्या क्लायंटची डिलिव्हरी डेट तुमच्या लक्षात राहते. राहते कारण तिथे कॅलेंडर आहे, जाब आहे, आणि दुसरं कोणी आठवण करणार नाही हे माहितीये. तीच सोय इथे करा. वेळेला बांधलेली आठवण जास्त सटकते, दिसणाऱ्या गोष्टीला बांधलेली टिकते, म्हणजे "गुरुवारी गोळ्या बघायच्या" यापेक्षा "स्ट्रिपमध्ये शेवटची रांग उरली की त्याच क्षणी ऑर्डर" हे चालतं. आणि घरात फिरताना बघायला शिका. बाथरूममधून बाहेर येताना साबण किती उरलाय, मुलाच्या दप्तराची चेन चालते का. हे जन्मजात कोणाला येत नाही, तुमच्या बायकोलाही येत नव्हतं, तिच्या गळ्यात पडलं म्हणून आलं. आणखी एक, "काय करू" ऐवजी "मी हे करतोय" म्हणा. चूक झाली तर झाली.

कामाला बाई ठेवली की सुटतं असं अनेकांना वाटतं. हाताचं सुटतं, डोक्याचं उलट वाढतं, तिची सुट्टी, तिचा पगार, तिला काय सांगायचं, ती आली नाही तर काय. तेही एक खातं धरा आणि कोणाकडे ते ठरवा. मुलांनाही वयाप्रमाणे छोटी खाती देता येतात, दुसरीतल्या मुलाला त्याचं दप्तर भरण्याचं, पण वेळापत्रक बघून त्यानेच भरायचं, मागून कोणी तपासायचं नाही, एखादी वही राहिली तर राहिली.

आणि हे सगळं कुठे चालत नाही तेही सांगतो. ज्या घरात माणूस मुद्दाम वाईट करतो म्हणजे परत सांगणार नाहीत, किंवा खर्चाचा हिशोब मागून बायकोला धाकात ठेवतो, तिथे खातेवाटपाचा काही उपयोग नाही, तो वेगळा विषय आहे आणि तिथे आधी बाहेरची मदत घ्यावी. काही माणसांना लक्षात ठेवणं, वेळेचा अंदाज येणं खरंच कठीण असतं, एडीएचडी (लक्ष टिकवून ठेवणं अवघड जाणं) असतो, मोठेपणी कळतो, तिथे अलार्म, बोर्ड, जे काय लागेल ते जास्त लागेल, पण ते लावून घेण्याची जबाबदारीही त्याचीच. आणि ताई, तुम्ही लिहिलंय की महिनाभर झोप नीट नाही आणि सकाळी उठल्यावरच थकवा असतो. हे सगळं घरकामाच्या माथी मारू नका. एकदा डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या, आणि मन सतत उदास राहत असेल तर तेही त्यांना सांगा. आणि ही अपॉइंटमेंट नवऱ्याला घेऊ दे.

तुमच्या घरात पहिलं खातं कुठलं द्यावं, तर सासऱ्यांच्या गोळ्या नकोत, तिथे चूक परवडणार नाही, ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात द्या, त्यांचेच वडील आहेत त्यामुळे जायला तर त्यांच्याकडेच हवं. शाळा द्या. रोज काहीतरी येत राहतं म्हणजे सराव होतो, आणि चुकलं तर फार तर चार्ट पेपर राहतो. या रविवारी केटी, सोमवारी नंबर बदलायचा फॉर्म, आणि त्याच संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडायचं. म्यूट नाही, बाहेर. माझ्या बायकोने म्यूट केला होता, आणि मला दीड वर्षाने कळलं की ती रोज रात्री मी झोपल्यावर तो उघडून वाचत होती.